दोन ओळींच्या पलीकडे

इंटरनेटवरून एखादी गोष्ट प्रोग्रॅमने आणायची असेल तर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन ओळी पुरतात. पहिल्या ओळीत 'रिक्वेस्ट्स' ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, इम्पोर्ट करायची आणि दुसरीत तिच्या 'गेट'ला पत्ता द्यायचा. पान हातात! नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना मी हे अनेकदा करून दाखवतो. तोवर त्यांचे प्रोग्रॅम स्वतःशीच बोलत असतात: बेरजा, पाढे, मूळसंख्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा प्रोग्रॅम घराबाहेर पडतो, दूरच्या कुठल्यातरी मशीनला काहीतरी विचारतो आणि उत्तर घेऊन येतो. त्या क्षणी मुलांचे डोळे कसे लकाकतात ते बघण्यासारखं असतं.

मला त्या आनंदात विघ्न आणायचं नसतं. पण त्याच तासाला मी त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. या दोन ओळींत बरेच निर्णय होऊन जातात. किती वेळ थांबायचं, आपण कोण म्हणून सांगायचं, नाही म्हटलं तर पुन्हा विचारायचं का, आलेला मजकूर कुठल्या लिपीतला समजायचा. लायब्ररी यातले काही निर्णय आपल्या वतीने घेते, काही घेतच नाही. आणि त्यांचा परिणाम पलीकडे बसलेल्या माणसावर होतो.

लायब्ररीबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. केनेथ राइट्झने 2011 मध्ये 'रिक्वेस्ट्स' पहिल्यांदा प्रसिद्ध केली, तेव्हा तिचं ब्रीद होतं 'माणसांसाठी एचटीटीपी'. एचटीटीपी म्हणजे वेबवर पान मागण्या-देण्याची ठरलेली भाषा. त्या आधी ज्यांनी पायथनची अंगची 'यूआरएललिब2' वापरली असेल त्यांना हे ब्रीद का भावलं ते वेगळं सांगायला नको. साधं नाव-पासवर्ड विचारणारं पान उघडायचं तर आधी पासवर्ड मॅनेजर बनवायचा, तो हँडलरला द्यायचा, हँडलरवरून ओपनर बांधायचा, तो ओपनर बसवायचा आणि मग कुठे पत्ता विचारायचा. 'रिक्वेस्ट्स'मध्ये तेच काम एका जोडीत होतं: नाव आणि पासवर्ड. तिच्या पोटात आंद्रे पेत्रोव्हने सुरू केलेली 'यूआरएललिब3' ही दुसरी लायब्ररी राबत असते. कनेक्शन सांभाळण्याचं खरं कष्टाचं काम ती करते. नाव मात्र बहुतेकांना वरच्या लायब्ररीचंच ठाऊक असतं.

या सगळ्याच्या खाली नेमकं काय जातं-येतं ते एकदा तरी स्वतःच्या हाताने टाइप करून पाहावं, असं मी प्रत्येकाला सांगतो. टर्मिनलवर टेलनेट, म्हणजे दुसऱ्या मशीनशी थेट टाइप करून बोलायचं साधन, उघडायचं, मराठी विकिपीडियाचा पत्ता आणि पोर्ट 80, म्हणजे वेबचं ठरलेलं दार, द्यायचा. कर्सर लुकलुकत राहतो. पलीकडून कुणी नमस्कार करत नाही. बोलायला सुरुवात आपणच करायची असते. एक ओळ लिहायची: 'गेट', मग जागा सोडून पानाचा पत्ता, मग जागा सोडून एचटीटीपीची आवृत्ती, 1.1. एंटर. पुढच्या ओळीत 'होस्ट' हा हेडर, म्हणजे सोबत जाणारी माहितीची ओळ, आणि त्यापुढे कुठली साइट हवी ते नाव, कारण एकाच मशीनवर अनेक साइट नांदत असतात आणि नाव सांगितल्याशिवाय कुणाकडे आलात ते कळत नाही. एंटर. अजूनही शांतता. बाकी हेडर द्यायचे असतील तर द्यायचे, नसतील तर नाही. आणि मग काहीही न लिहिता आणखी एकदा एंटर. ती रिकामी ओळ म्हणजे माझं बोलून झालं अशी खूण. ती पोचेपर्यंत सर्व्हर तोंड उघडत नाही, आणि पोचली की भराभर ओळी येऊन पडतात.

पहिल्याच ओळीत आकडा असतो. इथे तो असतो 301, म्हणजे हे पान कायमचं दुसरीकडे गेलं आहे. खाली 'लोकेशन' या हेडरमध्ये नवा पत्ता, एचटीटीपीएसचा, म्हणजे एचटीटीपीच्या सुरक्षित रूपाचा. लेख मिळत नाही. हाताने टाइप करणाऱ्याला हे दिसतं. लायब्ररी वापरणाऱ्याला दिसत नाही, कारण ती निमूटपणे नव्या पत्त्यावर जाते, तिथून आणखी कुठे पाठवलं तर तिथेही, अशी तब्बल 30 वेळा जाण्याची तिची तयारी असते. त्यानंतर ती हात टेकते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये बनवलेल्या एचटीटीपीचं 1991 मधलं रूप तर याहून साधं होतं: एकच ओळ, 'गेट' आणि पत्ता. हेडर नाहीत, आकडा नाही, उत्तरात थेट पान. आजचा सगळा डोलारा त्या एका ओळीवर चढत गेलेला आहे.

पत्त्यांचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. या ओळीत देवनागरी तशीच चालत नाही. 'महाराष्ट्र' या लेखाचं पान मागायचं तर त्या शब्दातली प्रत्येक खूण, म्हणजे प्रत्येक अक्षर, काना आणि हलन्त, तीन-तीन बाइटमध्ये फोडायची आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अंक-अक्षरं असा लिहायचा. दहा खुणांच्या या शब्दाची लांबी होते 90. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी मराठी लेखाचा दुवा पाठवला की टक्क्यांची जी लांबलचक माळ दिसते, ती हीच. लायब्ररी हे रूपांतर स्वतः करते. ही सोय करणाऱ्यांचे मराठी माणसाने तरी आभारच मानायला हवेत.

आता अंतराचा विचार करू. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली आहे असं धरलं तरी जाऊन-येऊन 125 मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात जास्तच लागतात. आणि एका रिक्वेस्टसाठी एक फेरी पुरत नाही. एक फेरी दोन मशीनमधलं मूळ (टीसीपी) कनेक्शन जुळवायला. मग टीएलएसची, म्हणजे संभाषण सांकेतिक करण्याची, बोलणी: जुन्या 1.2 मध्ये दोन फेऱ्या, 2018 मध्ये आलेल्या 1.3 मध्ये एक. त्यानंतर खरा प्रश्न आणि त्याचं उत्तर, ही आणखी एक. 'रिक्वेस्ट्स'च्या 'गेट'ला सुटं सुटं हाक मारत गेलं, तर प्रत्येक वेळी हा सगळा सोपस्कार पहिल्यापासून होतो. शंभर पानं आणायची असली तर शंभरदा ओळखपाळख. त्याऐवजी एक 'सेशन' उघडून सगळ्या रिक्वेस्ट त्यातून पाठवल्या तर कनेक्शन उघडं राहतं आणि पहिल्या पानानंतर प्रत्येक पानाला एकच फेरी लागते. आपला वेळ वाचतोच, पण पलीकडच्या मशीनला दर वेळी नवं कनेक्शन मांडायचे आणि त्या सांकेतिक भाषेच्या चाव्यांचं गणित करायचे कष्टही वाचतात. एका ओळीचा फरक आहे. तरी शिकवण्यांमध्ये 'सेशन' अगदी शेवटी कुठेतरी येतं, आणि तिथवर पोचण्याआधीच बहुतेकांचा प्रोग्रॅम चालू झालेला असतो.

टाइमआउटबद्दल मात्र मला जरा तावातावाने बोलावंसं वाटतं. 'रिक्वेस्ट्स'ला किती वेळ थांबायचं ते सांगितलं नाही तर ती थांबूनच राहते. पलीकडच्या सर्व्हरने कनेक्शन घेतलं आणि पुढे तो गप्प झाला, तर आपला प्रोग्रॅम दारात तिष्ठत उभा. त्याला ना एरर येते, ना लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ओळ पडते. रात्री चालायला ठेवलेलं काम सकाळी बघावं तर एकाच ठिकाणी रुतून बसलेलं. लायब्ररीच्या माहितीपत्रकात टाइमआउट द्या असं स्पष्ट लिहिलेलं आहे, पण जे न देता चालतं ते कोण देतो? नंतर आलेल्या 'एचटीटीपीएक्स' या लायब्ररीने स्वतःहून पाच सेकंदांची मर्यादा घालून ठेवली, आणि माझ्या मते तेच बरोबर. ज्याला जास्त थांबायचं आहे त्याने तसं लिहावं. न लिहिणाऱ्याच्या पदरी अनंतकाळ घालणं हा काही न्याय नव्हे.

त्यातही एक बारकावा आहे, आणि तो भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. टाइमआउट दहा सेकंद दिला म्हणजे सगळं काम दहा सेकंदांत आटोपेल असं नाही. लायब्ररी दोन वेगळ्या गोष्टी मोजते: कनेक्शन जुळायला लागलेला वेळ, आणि उत्तर येताना दोन घासांमधली गॅप. सर्व्हर दर नऊ सेकंदांनी एक बाइट टाकत राहिला तर मर्यादा कधीच मोडत नाही आणि आपण दिवसभर बसून राहू शकतो. आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने मला विचारलं, "मग आकडा किती ठेवू?" मी तिला म्हटलं, "तुझ्या प्रोग्रॅमच्या मागे कोण थांबलंय ते आधी बघ." एखादा माणूस मोबाइलच्या पडद्याकडे बघत असेल तर तीन सेकंदही पुष्कळ झाले, रात्रीचा हिशेब गोळा करणारं काम असेल तर मिनिटभर थांबायला हरकत नाही. तिने विचार करून दोन्हीसाठी वेगवेगळे आकडे लिहिले, आणि का लिहिले ते शेजारी कॉमेंटमध्ये टिपून ठेवलं. तो कोड वाचताना मला मनापासून बरं वाटलं.

हे सगळं मला पलीकडच्या बाजूला बसल्यामुळे अधिक कळलं. आमच्या भागातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकसूची मी हौसेने सांभाळतो. भाड्याने घेतलेला अगदी लहान सर्व्हर, त्यावर पुस्तकांची नावं, लेखक, कपाटाचा क्रमांक, पुस्तक आत आहे की बाहेर. दिवसभरात येणारे सभासद ते किती असणार! एकदा संध्याकाळी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "सर, सूची उघडत नाहीये. नुसतं गोल फिरतंय. काउंटरवर लोक ताटकळलेत."

लॉग उघडला तर ओळींमागून ओळी धावत होत्या. एकाच आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून, सूचीचं एकेक पान, क्षणाचीही उसंत न घेता. शेवटच्या पानापर्यंत गेलं की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक ओळीच्या शेवटी यूजर-एजंट, म्हणजे विचारणाऱ्याने सांगितलेलं नाव: 'पायथन-रिक्वेस्ट्स' आणि आवृत्तीचा आकडा. म्हणजे लायब्ररीने स्वतःचं नाव सांगितलं होतं, तिला कामाला लावणाऱ्याने आपलं सांगितलं नव्हतं. ज्याला पुस्तकसूची हवीशी वाटली तो बहुधा पुस्तकांवर प्रेम करणाराच कुणी असेल. विद्यार्थी असेल, संशोधक असेल. त्याला मी आनंदाने सगळी सूची एका फाइलमध्ये दिली असती. पण त्याला लिहायचं कुठे? त्या हेडरमध्ये एक ईमेल असता तर दोन ओळी लिहून काम झालं असतं. तो नव्हता, म्हणून शेवटी तो आयपी बंद करावा लागला. काउंटरवरची रांग हलली. दुसऱ्या दिवशी मी सूचीची पूर्ण फाइल तयार करून पानाच्या तळाशी तिचा दुवा दिला आणि कशासाठीही वापरा असं लिहिलं. ज्याला हवी होती त्याला ती मिळाली की नाही ते मला कळायला मार्ग नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये, असं आपल्याकडे म्हणतात ते इथे अक्षरशः लागू आहे. यूजर-एजंट हेडर त्यासाठीच असतो. मी कोण, कुठला प्रकल्प, अडचण आली तर कुठे कळवायचं, एवढं त्यात लिहायचं. विकिमीडियाच्या सर्व्हरवरून प्रोग्रॅमने काही आणायचं असेल तर त्यांचा हा नियमच आहे: ओळखू येईल असं नाव द्या आणि संपर्काचा पत्ता द्या, लायब्ररीने घातलेलं सर्वसाधारण नाव चालणार नाही, वाट अडवली जाऊ शकते. मराठी विकिपीडिया ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट लिहिला, त्यांचं लेखन उचलून नेताना इतकी ओळख देणं कुणाला जड जावं असं मला वाटत नाही. काही लोक मात्र अडवणूक टाळायला ब्राउझरचं नाव लावून जातात. प्रोग्रॅमने माणसाचा वेष घ्यायचा, म्हणजे समोरच्याला कळूच नये. मला ते पटत नाही, काम कितीही निकडीचं असलं तरी.

पत्ता दिल्याचा त्रासही होतो, हे खरं. स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग त्याचं जिवंत उदाहरण आहे. 1996 च्या अखेरीस त्याला चॅटच्या एका खोलीतल्या बॉटसाठी चलनांचे दर इंटरनेटवरून आपोआप आणायचे होते. ब्राझीलच्या राफाएल सागुला यांचं 'एचटीटीपीगेट' नावाचं लहानसं साधन त्याला सापडलं, त्यात तो भर घालत गेला, नाव बदलत गेलं, आणि 20 मार्च 1998 रोजी ते 'कर्ल' या नावाने बाहेर आलं. 2000 मध्ये त्यातून 'लिबकर्ल' ही लायब्ररी वेगळी काढली गेली. आज ती फोनमध्ये आहे, टीव्हीत आहे, गाड्यांमध्ये आहे. वेबसाठीच्या पीएचपी या भाषेत 'कर्ल' म्हणून जे आपण वापरतो तेही हेच. गाडीच्या पडद्यावर परवान्यांच्या यादीत त्याचा ईमेल असतो, आणि गाडीचं नेव्हिगेशन बिघडलं की जगाच्या पाठीवरचा कुणीतरी वैतागलेला मालक त्यालाच पत्र लिहितो. त्याचा त्या गाडीशी काडीचा संबंध नसतो. तरी त्याने पत्ता काढून टाकलेला नाही. 2017 मध्ये स्वीडनचं अभियांत्रिकीतलं पोल्हेम पारितोषिक त्याला मिळालं, ते मला फार योग्य वाटतं. रोजच्या वापराच्या वस्तूंमागे असा नावपत्ता असलेला माणूस आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना कळावं म्हणून मी त्याची गोष्ट सांगतो.

सर्व्हरलाही बोलता येतं, ऐकणारा हवा. 2012 मध्ये 429 हा आकडा प्रमाणित झाला: फार झालं, जरा थांबा. त्यासोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडर येऊ शकतो. त्यात किती सेकंद थांबायचं तो आकडा असतो किंवा थेट तारीख आणि वेळ. ते वाचून तेवढं थांबणं ही किमान सभ्यता. हेडर नसेल तर प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करत जायचा आणि त्यात थोडी यादृच्छिक सरमिसळ करायची. सरमिसळ का? कारण सर्व्हर आडवा झाला तेव्हा हजार प्रोग्रॅम एकाच क्षणी नापास झाले असतील, आणि सगळे बरोबर चार सेकंदांनी परत आले तर बिचारा उठता उठता पुन्हा पडेल. 'यूआरएललिब3'मध्ये हे करायची तयार सोय आहे. 'रिक्वेस्ट्स' आपणहून काहीच पुन्हा पाठवत नाही. तिला ते सांगून जोडून द्यावं लागतं. मला हा तिचा संयम आवडतो.

याहून सुंदर सोय म्हणजे 304. सर्व्हर पान देताना त्यासोबत 'ईटॅग' नावाची खूण देतो. पुढच्या वेळी ती खूण दाखवून विचारायचं, यात काही बदललंय का? बदललं नसेल तर तो फक्त 304 म्हणतो, पान पाठवतच नाही. वाचनालयाच्या सूचीवर मी हे बसवलं, आणि आता एक-दोन प्रोग्रॅम इतक्या शहाणपणाने येतात की लॉगमधली त्यांची ओळ बघून समाधान वाटतं. शिवाय 'रोबोट्स.टीएक्सटी' आहेच, म्हणजे कुठल्या पानांवर प्रोग्रॅमने येऊ नये ते साइट ज्यात सांगते ती फाइल. मार्टिन कोस्टरने 1994 मध्ये सुचवलेला हा संकेत 2022 मध्ये रीतसर प्रमाण झाला, तोपर्यंत अठ्ठावीस वर्षं तो केवळ लोकांच्या भलेपणावर चालला. प्रमाण झाल्यावरही सक्ती नाहीच. पायथनमध्ये ती फाइल वाचणारा मोड्यूल मुळातच असतो. इम्पोर्ट करायची तसदी घ्यायची, बस.

पुन्हा पाठवण्याचा सगळ्यात कठीण प्रश्न मात्र शिष्टाचाराच्या पलीकडचा आहे. टाइमआउट झाला, याचा अर्थ काम झालं नाही असा होत नाही. रिक्वेस्ट पोचलीच नसेल. पोचून काम अर्धवट राहिलं असेल. किंवा काम पुरं होऊन फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल. आपल्या बाजूने तिन्ही अगदी सारखंच दिसतं. तिकीट काढताना खात्यातून पैसे गेले आणि पडद्यावर काहीच आलं नाही, हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना हे नुसतं वाचून कळेल. पान वाचायला मागितलं असेल तर पुन्हा मागायला हरकत नाही. पैसे पाठवले असतील तर? एचटीटीपीने म्हणूनच क्रियापदं वेगळी ठेवली. 'गेट'ने काही बदलू नये. 'पुट' (ठेवा) आणि 'डिलीट' (काढा) दोनदा केले तरी परिणाम एकदाच केल्यासारखा राहावा. 'पोस्ट'ची, म्हणजे नवं काही पाठवण्याची, काही हमी नाही. 'यूआरएललिब3'ची पुन्हा पाठवण्याची सोय चालू केली तरी 'पोस्ट' तिच्या यादीत नसतो. तो धोका पत्करायचा तर माणसाने स्वतः लिहून पत्करायचा. पैशांच्या कामात आता बरेच जण प्रत्येक रिक्वेस्टला एक एकमेव किल्ली जोडतात, म्हणजे तीच किल्ली दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर जुनंच उत्तर देतो, पैसे दोनदा हलत नाहीत.

ही क्रियापदं कुणी मनावर घेतली नाहीत तर काय होतं ते 2005 मध्ये दिसलं. गुगलने 'वेब अ‍ॅक्सिलरेटर' काढलं. वापरणाऱ्याने टिचकी मारण्याआधीच ते पानावरचे दुवे आणून ठेवायचं, म्हणजे पुढचं पान झटकन उघडेल. 'गेट'ने काही बिघडत नाही, हे गृहीत धरूनच. पण कित्येक वेब अ‍ॅपमध्ये 'काढून टाका' हासुद्धा साधा दुवाच होता. लॉग-इन केलेल्या माणसाच्या वतीने ते साधन एकेका दुव्यावर जाऊन आलं आणि लोकांच्या नोंदी उडाल्या. कुणी कुणावर दोष ठेवायचा यावर तेव्हा खूप वाद झाले. मला विचाराल तर 'गेट'ने काही बदलू नये ही ओळ प्रमाण बनवणाऱ्यांनी नीट लिहिली होती, ती वाचायचा आळस सगळ्यांना नडला.

समोरची साइट खरीच ती आहे हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रांची तपासणी बंद करण्याबद्दल एवढंच सांगतो: करू नका. एरर घालवायला ती एक ओळ सगळे सुचवतात आणि एरर जातेही, पण मग समोर कोण बसलंय याची खात्रीही जाते. पायथनने स्वतःच्या मूळ लायब्ररीत ही तपासणी 2014 च्या डिसेंबरात, 2.7.9 या आवृत्तीपासून आपोआप करायला घेतली. त्याआधी ती होतच नव्हती, हे आज वाचताना अंगावर काटा येतो.

आता आपल्या घरच्या दुखण्याकडे येतो. प्रोग्रॅमने मराठी पान आणलं, छापलं, आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं, हे मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. तिरका फटका डोक्यावर घेतलेला रोमन 'ए', त्याच्यामागे चार कोपऱ्यांना टोकं असलेलं गोल चलनचिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तोच 'ए'. ब्राउझरमध्ये तेच पान अगदी स्वच्छ दिसत असतं. तपशिलात शिरलं की या गोंधळातही किती शिस्त आहे ते दिसतं, म्हणून जरा रेंगाळतो.

यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या बाइटमध्ये लिहिण्याच्या आजच्या पद्धतीत, देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. पहिला बाइट नेहमी तोच. दुसऱ्याला दोनच पर्याय. तेच बाइट, कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर ते सांगणाऱ्या जुन्या पश्चिम युरोपी तक्त्यातून वाचले की पहिल्याचा होतो तो फटकेवाला 'ए', आणि दुसऱ्याचं होतं एक तर ते गोल चलनचिन्ह, नाही तर जपानी येन. सीमारेषा कुठे आहे? बरोबर ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीच्या मध्ये. ऱ्हस्व वेलांटीपर्यंत गोल चिन्ह, दीर्घ वेलांटीपासून येन. 'मराठी' हा शब्द घ्या. 'म'चा शेवटचा बाइट होतो नोंदणीकृत मुद्रेचा वर्तुळातला 'आर'. 'र' होतो तापमानाच्या अंशाचं चिन्ह. काना होतो पाऊण. 'ठ'चा शेवटचा बाइट होतो न तुटणारी मोकळी जागा, म्हणून तिथे काही दिसतच नाही. आणि शेवटच्या वेलांटीत येन. हे एकदा ओळखीचं झालं की असला गिचमिड मजकूर बघून हा मराठी आहे हे डोळ्यांनाच कळतं.

हे का होतं? पानासोबत 'कंटेंट-टाइप' हेडर येतो. त्यात हे एचटीएमएल, म्हणजे वेबपान, आहे एवढंच सांगून लिपीसंच सांगितला नसेल, तर 'रिक्वेस्ट्स' तो पश्चिम युरोपी तक्ता गृहीत धरते. 1999 च्या एचटीटीपी प्रमाणात तसं लिहिलं होतं. 2014 च्या प्रमाणाने ते कलम काढून टाकलं, लायब्ररीत ते राहिलं. पानाच्या आत, वरच्या भागात, यूटीएफ-8 असं लिहिलेलं असतं. ब्राउझर ते वाचतो, लायब्ररी पानाच्या आत डोकावत नाही. उपाय एका ओळीचा: मजकूर घेण्याआधी एन्कोडिंग, म्हणजे लिपीसंच, यूटीएफ-8 आहे असं सांगायचं. आणि आधीच बिघडलेला मजकूर साठवून बसला असाल तरी घाबरू नका. त्या जुन्या तक्त्यात 256 च्या 256 बाइटना जागा आहे, त्यामुळे काहीही हरवलेलं नसतं. उलट्या वाटेने बाइट परत मिळवायचे आणि यूटीएफ-8 म्हणून वाचायचे. अक्षर न अक्षर परत येतं.

पण ही प्रत्येकाने आपापल्या प्रोग्रॅममध्ये करायची डागडुजी झाली. खरं औषध सर्व्हरवर आहे. जुन्या मराठी नियतकालिकांची सूची ठेवणाऱ्या एका संस्थेची साइट मी वरचेवर वापरतो, तिथे हीच अडचण होती. साइटच्या तळाशी संपर्काचा ईमेल होता. मी लिहिलं: मी अमुक, तुमची सूची प्रोग्रॅमने वाचतो, रात्री, दोन पानांमध्ये पाच सेकंद थांबून, तुमच्या हेडरमध्ये लिपीसंच येत नाही, सेटिंगमध्ये अमुक एक ओळ घातलीत तर सगळ्यांचंच काम सोपं होईल. आठवड्याने उत्तर आलं. लिहिणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते आणि ही साइट एकटेच बघत होते. त्यांनी विचारलं होतं की ओळ नेमकी कुठल्या फाइलमध्ये घालायची, आणि पुढे असंही की आमची सूची वाचून तुम्ही करता काय? मी दोन्हींची उत्तरं सविस्तर लिहिली, सोबत मला सापडलेल्या काही चुकलेल्या वर्षांची यादी दिली. त्यांनी वर्षं दुरुस्त केली, हेडरही दुरुस्त केला. माझ्या प्रोग्रॅममधली एन्कोडिंगची ती ओळ आता मी काढून टाकली आहे.